आरक्षणाचा वाद आणि वैद्यांची संधायसंभाषा

गेल्या वर्षी आमच्या शाखेच्या वार्षिक मेळाव्यात भोजनोत्तर सत्राचा नियोजित विषय होता ‘स्नेहकल्पनांची सिद्धिलक्षणे’. तो विषय दहा मिनिटांत मागे पडला आणि पुढचा दीड तास चर्चा झाली ती आरक्षणाची. निमित्त साधेच होते. शाखेतील एका ज्येष्ठ वैद्यांच्या नातीला नीट परीक्षेत चांगले गुण मिळूनही शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जागा मिळाली नव्हती. “आमच्या मुलीपेक्षा शंभर गुण कमी असलेल्यास जागा मिळते, हा कोणता न्याय?” असे ते उद्वेगाने म्हणाले. त्यावर शेजारच्या पंगतीतील एक तरुण वैद्य शांतपणे उत्तरले, “सर, आमच्या वस्तीतला मी पहिला वैद्य. ती जागा नसती तर आज या पंगतीत तुम्ही मला पाहिलेच नसते.” पुढे शब्दाने शब्द वाढला. अध्यक्षांनी आभारप्रदर्शन उरकून सभा संपविली.

वाद तेथेच संपला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या दिवसापासून या दोघांनी परस्परांकडे रुग्ण पाठविणे बंद केले. तरुण वैद्य क्षारसूत्रात निष्णात आहेत. ज्येष्ठ वैद्य ग्रहणीच्या चिकित्सेसाठी जिल्ह्यात विख्यात आहेत. ज्येष्ठांकडचा भगंदराचा रुग्ण आता शेजारच्या जिल्ह्यात पाठविला जातो आणि तरुणाकडचा ग्रहणीचा रुग्ण भलतीकडेच भटकतो. आरक्षणाविषयी कोणाचे मत काय असावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्या मतभेदाचे मोल रुग्णाने का मोजावे, हा आपणा सर्वांचा प्रश्न आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संधायसंभाषा, म्हणजे सख्याने, जिज्ञासेने केलेली चर्चा. दुसरी विगृह्यसंभाषा, म्हणजे जिंकण्याच्या इच्छेने केलेली. आरक्षणावर आपल्याकडे बहुधा दुसऱ्या प्रकारची संभाषा घडते. तीत तथ्ये अर्धवट असतात आणि आवाज पूर्ण असतो. प्रस्तुत लेखाचा हेतू पहिल्या प्रकारच्या संभाषेसाठी सामग्री पुरविणे एवढाच आहे. कोणत्याही पक्षाची वकिली करण्याचा आमचा मानस नाही; मात्र जेथे आमचे स्वतःचे मत आहे तेथे ते लपविणारही नाही.

पूर्वेतिहास

आरक्षणाची कल्पना महाराष्ट्राला बाहेरून आलेली नाही. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबाराच्या गॅझेटमध्ये राजर्षी शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा त्याचा आशय होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळता बाकीचे सर्व मागासलेले, अशी व्याख्या त्यात होती. आदेशातील एका तरतुदीकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे तीन-तीन महिन्यांनी विवरणपत्र पाठवावे, असेही त्यात म्हटले होते. नुसता हेतू जाहीर करून भागत नाही, मोजदाद ठेवावी लागते, हे महाराजांनी जाणले होते. या मुद्द्याकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

स्वतंत्र भारतातील आरक्षणाचा पहिला मोठा खटला वैद्यकीय महाविद्यालयाच्याच दारातून निघाला, हे आपणा वैद्यांस ठाऊक असावे. मद्रास प्रांतात जातवार आदेशानुसार दर चौदा जागांमागे ब्राह्मणेतर हिंदूंस सहा, मागास हिंदूंस दोन, ब्राह्मणांस दोन, हरिजनांस दोन, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांस मिळून एक आणि मुसलमानांस एक, अशी वाटणी होती. चंपकम दोराईराजन यांनी वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात तिला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. नोकऱ्यांसाठी तशी तरतूद अनुच्छेद १६(४) मध्ये आधीपासूनच होती.

पुढचा टप्पा म्हैसूरचा. तेथे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांत ६८ टक्के जागा राखीव झाल्या. १९६३ च्या बालाजी खटल्यात न्यायालयाने हे प्रमाण अवाजवी ठरवून राखीव जागा सामान्यतः पन्नास टक्क्यांच्या आत असाव्यात असे म्हटले. बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने डिसेंबर १९८० मध्ये अहवाल दिला. इतर मागासवर्गीयांची लोकसंख्या ५२ टक्के असल्याचा त्याचा अंदाज होता, तरी शिफारस मात्र २७ टक्क्यांची होती; कारण पन्नासाची मर्यादा. ऑगस्ट १९९० मध्ये केंद्राने ती स्वीकारली, देशभर आंदोलने झाली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २७ टक्के आरक्षण वैध ठरविले. मात्र मागासवर्गांतील उन्नत व प्रगत गट, ज्यास आपण ‘क्रीमी लेयर’ म्हणतो, तो वगळावा आणि असाधारण परिस्थिती वगळता पन्नास टक्क्यांची मर्यादा पाळावी, असेही सांगितले.

काही गैरसमजांचे निराकरण

आमच्या सभेत जे जे बोलले गेले त्यातील बरेचसे चुकीच्या माहितीवर उभे होते. म्हणून मतांकडे वळण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट. “आरक्षण दहाच वर्षांसाठी होते” हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. दहा वर्षांची मुदत घटनेच्या अनुच्छेद ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव मतदारसंघांना लागू आहे. ती वेळोवेळी वाढविण्यात आली. २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने ती २०३० पर्यंत गेली आहे. प्रवेश व नोकऱ्यांतील आरक्षणास घटनेने अशी मुदत घातलेली नाही. मुदत असावी असे मत कोणी मांडू शकेल. पण ती होती आणि मोडली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

दुसरी गोष्ट. राखीव प्रवर्गातील विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत येत असेल तर तो खुल्या जागेवर मोजला जातो. त्याच्यामुळे राखीव जागा खर्ची पडत नाही. ‘खुला’ म्हणजे उच्च जातींसाठी राखून ठेवलेला विभाग नव्हे. तो सर्वांना खुला आहे. वैद्यकीय प्रवेशांत यातून एक पेच उद्भवतो. अशा विद्यार्थ्याला राखीव यादीतून अधिक पसंतीचे महाविद्यालय मिळत असेल तर काय करावे? १९९६ च्या रितेश शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याला ते महाविद्यालय घेता येईल, परंतु गणना खुल्यातच होईल.

तिसरी गोष्ट. आरक्षण दोन प्रकारचे असते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग इत्यादींचे ते उभे किंवा सामाजिक आरक्षण. महिला, दिव्यांग इत्यादींचे ते आडवे किंवा समांतर आरक्षण. समांतर आरक्षण प्रत्येक उभ्या स्तंभातून आडवे जाते. म्हणून दोहोंची टक्केवारी एकत्र करून बेरीज करणे चुकीचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी ठेविल्या आहेत. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर मागासवर्गीय महिला गुणानुक्रमे येऊ शकते, हे डिसेंबर २०२० च्या सौरव यादव निकालाने स्पष्ट केले.

चौथी गोष्ट नीटच्या पात्रतेची. खुल्या प्रवर्गासाठी ५० वा आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० वा पर्सेंटाइल ही किमान पात्रता आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. पन्नासावा पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या वर असणे. गुण त्याहून बरेच कमी असू शकतात. खासगी आयुर्वेद महाविद्यालयांनी या किमान अटीलाच आव्हान दिले होते. २० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि आयुष पदवी प्रवेशांनाही नीट व तिची किमान पात्रता लागू राहील असा निर्णय दिला. म्हणजेच आपल्या शाखेत गुणवत्तेची किमान रेषा शिथिल करण्याची मागणी राखीव प्रवर्गांतून आली नव्हती. ती रिकाम्या जागांची चिंता असलेल्या संस्थांकडून आली होती. हे आपण प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राज्याच्या आरक्षण कायद्याने शासकीय नोकऱ्यांत अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे एकूण ५२ टक्के आरक्षण आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आले. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने दहा टक्क्यांचा नवा कायदा केला व त्यासही न्यायालयात आव्हान देण्यात आले. कायद्याच्या कागदावर ही बेरीज ७२ होते. आपल्या सभांमधील अस्वस्थतेचे एक मूळ या आकड्यात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पूर्वपक्ष

आरक्षणाविषयी साशंक असणाऱ्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्याच बाजूने, शक्य तितक्या न्यायाने मांडतो.

वैद्यक हे प्राणांशी संबंधित कर्म आहे. येथे निवडीचा निकष केवळ योग्यता हाच असावा. जन्मावरून अन्याय झाला हे खरे. पण त्याचा परिहार पुन्हा जन्मावरूनच केल्यास जात पुसली जाण्याऐवजी प्रमाणपत्रावर कायमची कोरली जाते. ज्या अठरा वर्षांच्या मुलीने कोणावर अन्याय केला नाही तिने आजोबा-पणजोबांच्या काळाचे ऋण का फेडावे? शिवाय लाभ खऱ्या गरजूस मिळतो काय? अधिकाऱ्याचा मुलगा राखीव जागा घेतो आणि त्याच जातीतील शेतमजुराची मुलगी मागे राहते. खोट्या जातप्रमाणपत्रांचा प्रश्न आहेच. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयास स्पष्ट सांगावे लागले की खोट्या दाखल्यावर मिळविलेली नोकरी किंवा पदवी टिकविता येणार नाही. आणि शेवटी, आर्थिक दुर्बलता हाच निकष असावा. दारिद्र्याला जात नसते.

उत्तरपक्ष

समर्थकांचे उत्तर असे. आरक्षण हा दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रम नाही; त्यासाठी शिष्यवृत्त्या, वसतिगृहे व शुल्कमाफी आहे. आरक्षण हे प्रतिनिधित्वाचे साधन आहे. ज्या पदांवरून, विद्येपासून व अधिकारापासून काही समाजांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, तेथे ते दिसू लागावेत हा त्याचा उद्देश. दारिद्र्याला जात नसते हे अर्धसत्य आहे. गरीब ब्राह्मण मुलास पाणवठ्यावर कोणी अडविले नव्हते. जात प्रमाणपत्रामुळे टिकते असे म्हणणाऱ्यांनी विवाहाच्या जाहिराती वाचाव्यात. तेथे कोणताही शासनादेश नाही. आणि जन्माधारित लाभाचीच चीड असेल तर वडिलांचा दवाखाना, आजोबांची औषधशाळा आणि व्यवस्थापन कोट्यातील शुल्क भरण्याची ऐपत, हे लाभ कोणत्या परीक्षेने मिळाले?

हा शेवटचा प्रश्न आम्हास वैयक्तिक वाटतो. आम्ही स्वतः चालू दवाखान्यात बसलो. पहिल्या दिवशी आमच्या दारात जे रुग्ण आले ते वडिलांचे नाव घेऊन आले.

एकाच पक्षातील मतभेद

आरक्षणाचे समर्थक आणि विरोधक अशी दोनच गोटांची विभागणी आता अपुरी ठरते. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. काहींनी त्याचे स्वागत केले. अनुसूचित जातींतील अतिमागास जातींपर्यंत लाभ पोहोचतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतरांना त्यात समाजाचे विघटन दिसले. त्याच निकालात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्यासह काही न्यायाधीशांनी अनुसूचित जाती-जमातींतही उन्नत गट ओळखावा असे मत नोंदविले. केंद्र शासनाने मात्र त्याच महिन्यात तसे करणार नसल्याचे जाहीर केले.

आर्थिक निकषावरील आरक्षणाचेही तसेच. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा मुख्य आक्षेप आर्थिक निकषावर नव्हता. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील गरिबांना त्यातून वगळण्यावर होता. या प्रवर्गाची व इतर मागासवर्गातील उन्नत गटाची उत्पन्नमर्यादा दोन्हीकडे आठ लाखच आहे, हेही अनेकांस खटकते.

परदेशाकडे पाहिले तरी चित्र सरळ नाही. अमेरिकेत १९७८ च्या बाकी खटल्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरापैकी सोळा जागा राखून ठेविल्या होत्या. तेथील सर्वोच्च न्यायालयाने निश्चित कोटा अमान्य केला, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मान्यता दिली. ती मान्यताही जून २०२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या निकालाने बहुतांशी संपुष्टात आली. तेथील संविधान वेगळे, इतिहास वेगळा. त्यामुळे तो निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि दोन्ही देशांत हा वाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातच सर्वाधिक तापला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण उघड आहे. जागा थोड्या, इच्छुक पुष्कळ आणि पदवीबरोबर येणारी प्रतिष्ठा मोठी.

गुणवत्ता म्हणजे काय?

सर्व वादाचा गाभा या शब्दात आहे आणि येथे आपल्या शास्त्राला सांगण्यासारखे काही आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेकवार कर्म पाहिल्याचा अनुभव, दाक्ष्य आणि शौच. प्रवेशपरीक्षा यांपैकी काय मोजते? पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे ठरावीक वेळात देण्याची क्षमता. तिचे मूल्य आहेच. परंतु चारही गुण पुढे, साडेपाच वर्षांत आणि त्यानंतर घडायचे असतात. परीक्षेतील गुण हे बीज चांगले असल्याचे एक लक्षण आहे. क्षेत्र, अंबू आणि ऋतू यांचा हिशेब त्यात नाही. शिकवणीवर्गाचे लाखभर रुपये शुल्क भरून मिळालेले पाचशे गुण आणि आश्रमशाळेतून येऊन मिळविलेले चारशे गुण यांत अधिक सामर्थ्य कोणाचे, हे आकडा सांगू शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांतील इतर मागासवर्ग आरक्षणाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही गुणवत्ता केवळ परीक्षेतील कामगिरीपुरती संकुचित करता येत नाही, असा विचार मांडला.

याचा अर्थ किमान मर्यादाच नको असा नव्हे. १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव खटल्यात न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत किमान गुणांतील फार मोठी तफावत अमान्य केली आणि अतिविशेषोपचाराच्या पातळीवर आरक्षण नसावे असे सांगितले. पायरी जितकी वरची तितकी सवलत कमी, हे तत्त्व आम्हास योग्य वाटते. पदवीच्या पातळीवर लक्षात ठेवायची गोष्ट अशी की प्रवेशाचे दार वेगळे असले तरी बाहेर पडण्याचे दार एकच आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी सर्वांना सारखेच गुण लागतात. उत्तरपत्रिकेवर प्रवर्ग लिहिलेला नसतो. कोणी अपात्र असूनही उत्तीर्ण होत असेल तर तो दोष परीक्षेचा, म्हणजे परीक्षकांचा, म्हणजे पर्यायाने आपलाच आहे.

राखीव नेमणुकांनी कार्यक्षमता घटते काय, याचा एक चांगला अभ्यास अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेबाबत केला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. वरिष्ठ पदांबाबत काही अनुकूल खुणाच दिसल्या. रेल्वे म्हणजे रुग्णालय नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण अनुमानापेक्षा प्रत्यक्ष बरे, हेही आपलेच शास्त्र सांगते.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. आयुर्वेद कोणी शिकावा यावर आपल्या ग्रंथांतही एकवाक्यता नाही. चरकसंहितेत त्रैवर्णिकांचा उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत, कुलगुणसंपन्न शूद्रालाही उपनयनाविना व मंत्र वगळून शिकवावे, असे काही आचार्यांचे मत नोंदविले आहे. म्हणजे या विद्येच्या दारात कोणास घ्यावे हा मतभेद दोन सहस्रकांचा तरी आहे, आणि संहिताकारांनी भिन्न मत खोडून न टाकता ग्रंथात जपून ठेवले. तेवढा उदारपणा आपल्या मेळाव्यांत असावा.

आमची वही

आम्ही शिकत असताना महाविद्यालयाच्या फलकावर प्रवेशयादी लागली होती. नावापुढे कंस आणि कंसात प्रवर्ग. तो कंस आंतरवासीयतेपर्यंत काही मुलांना चिकटून राहिला. तो कोणी पुसला नाही; आम्हीही पुसला नाही. उलट कोणाशी मैत्री करावी हे पहिल्या वर्षी आम्ही त्या कंसाकडे पाहूनच ठरविले, हे आज लिहिताना संकोच वाटतो. त्या कंसातील काही जण आज उत्तम वैद्य आहेत, काहींनी अभ्यासक्रम मध्येच सोडला. कंसाबाहेरच्यांचेही तसेच झाले.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमची स्वतःची वही काढली. पंचकर्म केंद्र आणि लहानशी औषधशाळा मिळून गेल्या पंधरा वर्षांत आम्ही एकवीस जणांना कामावर घेतले. वृत्तपत्रात जाहिरात एकदाच दिली होती. बाकी सर्व नेमणुका ओळखीने झाल्या : कोणाचा भाचा, कोणाची सून, कोणाचा विद्यार्थी. एकवीसपैकी सतरा जण तीनच जातींतील निघाले. सहायक वैद्य, हिशेब आणि विक्रीचा गल्ला त्यांच्याकडे. उरलेले चौघे कुटणे, चाळणे आणि भट्टीवर. आम्ही कधीही जात विचारली नव्हती. विचारण्याची गरजच पडली नाही, कारण ओळखीची वाट तेवढ्याच घरांपर्यंत जात होती.

खासगी दवाखाने, रुग्णालये व औषधनिर्मात्यांना आरक्षणाचा कायदा लागू नाही. दोन हजारच्या दशकाच्या मध्यास केंद्र शासनाने खासगी क्षेत्रापुढे हा विषय मांडला, तेव्हा उद्योगसंघटनांनी कायद्याऐवजी स्वेच्छेच्या आचारसंहितेचा मार्ग पत्करला. त्याच सुमारास सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी एक प्रयोग केला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान अर्हतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावांत ठेवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची संभाव्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश होती, मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. अर्हता सारखीच असताना हे घडते. मग गुणवत्तेचा आग्रह आपण फक्त शासकीय यादीपुढे धरतो आणि आपल्या गल्ल्यावर विसरतो, असे कोणी म्हटल्यास काय उत्तर द्यावे?

आमच्या सभासदांपैकी बहुसंख्य खासगी व्यवसायात आहेत. टक्केवारी ठरविणे आपल्या हाती नाही. नेमणुका आपल्या हाती आहेत. म्हणून औषधशाळा व रुग्णालये चालविणाऱ्या बंधुभगिनींपुढे चार सूचना ठेवतो. त्यांत कोणताही कोटा नाही. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांसही त्या मान्य व्हाव्यात.

एक, जागा रिकामी झाली की ती ओळखीत फिरविण्यापूर्वी लेखी जाहीर करावी. महाविद्यालयाच्या फलकावर व स्थानिक वृत्तपत्रात द्यावी. दोन, अर्जांची पहिली छाननी नाव व गाव झाकून करावी. तीन, मुलाखतीत घराण्याची चौकशी करण्याऐवजी काम करवून घ्यावे. सहायक वैद्याने रुग्णपरीक्षण करून दाखवावे, औषधनिर्मितीच्या सहायकाने द्रव्य ओळखावे व पाक तपासावा. चार, तीन-तीन महिन्यांनी आपल्या नेमणुकांची वही स्वतःच चाळावी. करवीर दरबाराने १९०२ साली खातेप्रमुखांकडून जे विवरणपत्र मागितले, ते आज आपल्याकडे कोणी मागत नाही. म्हणूनच ते आपण आपल्याला सादर करावे.

एवढे केल्याने आरक्षणाचा वाद मिटेल असा आमचा दावा नाही. कोटा किती असावा, कोणास असावा, कोठवर असावा, यांवर सुजाण माणसांत मतभेद राहतील आणि ते न्यायालयांत व विधिमंडळांत लढले जातील. आमचे मत विचाराल तर पदवीच्या पातळीवर आरक्षण आवश्यक आहे, लाभ खालच्या थरापर्यंत नेण्यासाठी त्याची आतून फेरमांडणी व्हावयास हवी, आणि पदव्युत्तर पायरीवर किमान मर्यादा कडक असावी. हे मत सर्वांस पटेल अशी अपेक्षा नाही.

अपेक्षा आहे ती वेगळी. या अंकाच्या दोन प्रती आम्ही स्वतः नेऊन त्या दोघा वैद्यांच्या हाती देणार आहोत. ज्येष्ठांना सांगणार आहोत की आपल्या नातीची निराशा खरी आहे आणि तिची कोणी थट्टा करू नये. तरुणास सांगणार आहोत की आपली वाट खरोखरच कठीण होती आणि ती कोणी विसरू नये. आणि दोघांसही विनंती करणार आहोत की मतभेद खुशाल ठेवावा, पण भगंदराच्या रुग्णास दुसऱ्या जिल्ह्यात धाडू नये. रुग्णाला चिठ्ठी लिहून देताना त्यावर प्रवर्ग लिहावा लागत नाही. इत्यलम्.